बारा ताटांतली काडी

आमच्या बेदाण्याचा फोटो दुसऱ्याच्या दुकानात आहे, हे पहिल्यांदा प्रभावतीच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, लक्षात आलं. दुपारी ती चष्मा नाकावर ओढून फोनवर काहीबाही बघत बसते. तिनं फोन माझ्यापुढं धरला आणि विचारलं, हे आपलं ताट नव्हे का? मी बघितलं. तसं वाटतंय खरं, म्हणालो, पण काशाची ताटं काय, पुष्कळांकडे असतात.

"ताट असंल पुष्कळांकडं," ती म्हणाली. "बेदाणं चिमट्यानं लावत बसणारा माणूस सांगलीत एकच हाय."

ते मात्र खरं होतं.

मी बत्तीस वर्षं तासगावच्या एका वाचनालयात ग्रंथपाल होतो. निवृत्त झाल्यावर आम्ही सांगलीला मुलाकडे राहायला आलो. मुलगा पारस नोकरीसाठी साताऱ्याला असतो, शनिवारी येतो. सून ब्राह्मी आणि तिची कॉलेजातली मैत्रीण साक्षी कांबळे या दोघींनी तीन वर्षांपूर्वी इंटरनेटवर बेदाणे विकायला सुरुवात केली. साक्षीच्या घरची कवठे महांकाळला बेदाण्याची शेड आहे. माल वाळवणं, निवडणं तिच्याकडे; पॅकिंग आणि गिऱ्हाइकांशी बोलणं ब्राह्मीकडे. एका मोठ्या वेबसाइटवर 'माळरान बेदाणे' नावाचं त्यांचं पान आहे. साक्षीनं या धंद्यासाठी शाळेतली कंत्राटी नोकरी सोडली. हे घडलं त्या वर्षी तर दोघींनी सगळा चांगला माल दिवाळीसाठी म्हणून शीतगृहात राखून ठेवला होता.

फोटो काढायचं काम माझ्याकडे आलं, ते मी रिकामा होतो म्हणून. मला फोटोतलं काही कळत नाही, आजही कळत नाही. पण जुन्या पुस्तकांची फाटकी पानं चिमट्यानं जुळवायची सवय हाताला होती. त्याच चिमट्यानं मी ताटात एकेक बेदाणा लावायचो. एका ताटाला दोन तास लागायचे. फोटो काढला, की मला तो हमखास वाईट वाटायचा. मी तो ब्राह्मीला व्हॉट्सॲपवर पाठवायचो आणि माझ्या फोनमधून लगेच पुसून टाकायचो. आपली चूक कुणी जपून ठेवतं का?

तर तो दुसरा दुकानदार साताऱ्याचा निघाला. ऋषिराज असं त्याचं नाव. पारस त्या शनिवारी येताना त्याच्याकडचे अर्धा किलो बेदाणे घेऊन आला. काळपट, चिकट, गेल्या सालचे. फोटो आमचा, माल तो, आणि भाव आमच्यापेक्षा साठ रुपयांनी कमी. ब्राह्मीनं त्याला फोन केला, तेव्हा तो गोड बोलला. ताई, फोटो काय, इंटरनेटवर सगळ्यांचेच असतात, तुमचाही धंदा होऊ दे, माझाही होऊ दे, असं म्हणाला.

मग फोटो राखायचे कसे, याची घरात चर्चा सुरू झाली. ब्राह्मीनं फोटोच्या कोपऱ्यात दुकानाचं नाव घातलं. ऋषिराजनं कोपरा कापला. मग तिनं नाव मधोमध, तिरकं, मोठ्या अक्षरांत घातलं. ताट वाढदिवसाच्या केकसारखं दिसायला लागलं. आठ दिवसांत त्यानं कसल्याशा ॲपनं नाव पुसलं, खालचे बेदाणे जसेच्या तसे. उलट आमचीच गिऱ्हाइकं विचारायला लागली, की माल नीट दिसत नाही, अक्षरं काढा. ब्राह्मीनं अक्षरं काढली.

मला एक सुचलं होतं. पण ते सांगण्यासारखं आहे असं वाटेना.

वाचनालयात नवीन पुस्तक आलं, की त्यावर शिक्का तीन ठिकाणी मारतात. सुरुवातीच्या पानावर, शेवटच्या पानावर, आणि मधे कुठंतरी एका गुप्त पानावर. हे गुप्त पान प्रत्येक वाचनालयाचं आपापलं असतं. आमचं सदतिसावं होतं. पुस्तक चोरणारा पहिलं पान फाडतो, शेवटचं फाडतो. सदतिसाव्याची त्याला कल्पनाच नसते. एकदा मी रद्दीच्या दुकानातून चौदा पुस्तकं अशी ओळखून परत आणली होती. रद्दीवाल्याशी बोलायला मला चार दिवस लागले, हा भाग वेगळा.

श्रावणात ब्राह्मीनं सगळे फोटो नव्यानं काढायला सांगितले. लांबट हिरवा, गोल हिरवा, पिवळा, काळा, बियांचा काळा, असे एकूण बारा प्रकार होते. मी प्रत्येक ताट घड्याळासारखं धरलं. पहिल्या ताटात, घड्याळात एक वाजतो त्या जागी, काठाजवळ एक बेदाणा काडीसकट ठेवला. काडी म्हणजे द्राक्ष घडाला धरून असतं तो तांबूस देठ, मुंगीएवढा. दुसऱ्या ताटात दोनच्या जागी. तिसऱ्यात तीनच्या. असं करत बाराव्यात बाराच्या जागी. एखाद्या ताटात काडी असणं हा निष्काळजीपणा झाला असता. बारा ताटांत ओळीनं बारा जागी असणं हा निष्काळजीपणा नव्हता.

हे मी कुणाला सांगितलं नाही. गुप्त पान मी माझ्या शिपायालाही कधी सांगितलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर, मला भीती होती की ऐकून सगळे हसतील.

हसणं राहिलं बाजूला, बोलणी बसली. बेदाण्याच्या धंद्यात काडी म्हणजे लाज. ज्याच्या मालात काडी, त्याच्या शेडवर माल नीट निवडत नाहीत, असं सगळा बाजार समजतो. फोटो पानावर चढवल्यावर दुसऱ्याच दिवशी साक्षीचा फोन आला. तिनं सातव्या ताटातली काडी बघितली होती.

"आवं अण्णा," ती म्हणाली, "चार बाया सकाळपास्नं सांजपातुर काड्याच येचत्यात हितं. आन तुमी फोटुत काडी ठिवलीसा? लोकं काय म्हनतील?"

मी म्हणालो, चुकून राहिली असेल, डोळ्यांना आता नीट दिसत नाही. ती लगेच नरमली, तब्येतीची चौकशी केली. फोन ठेवल्यावर मला फार अपराधी वाटलं. रात्री अंथरुणावर पडून मी ठरवलं, की सकाळी सगळं सांगून टाकायचं आणि फोटो बदलायचे. सकाळी धीर झाला नाही. फोटो राहिले. बाकीच्या अकरा काड्या कुणाला दिसल्या नाहीत.

ऋषिराजनं पंधरा दिवसांत त्यांतले नऊ फोटो उचलले.

इथवर चोरीच होती. नवरात्रात मात्र त्यानं कहर केला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी वेबसाइटचं पत्र आलं, की 'माळरान बेदाणे' या पानावर दुसऱ्या विक्रेत्याचे नऊ फोटो वापरले आहेत अशी तक्रार आहे. तिचा निकाल लागेपर्यंत पान बंद ठेवलं आहे. पाच दिवसांत पुरावा द्यावा, नाहीतर ते कायमचं बंद होईल. तक्रार करणारा ऋषिराज. त्याचं पान आमच्याहून दोन वर्षं जुनं. जुन्याच पानावर त्यानं नवे फोटो बसवले होते, त्यामुळे बघणाऱ्याला फोटोही जुने वाटत होते.

दिवाळी वीस दिवसांवर होती. पान बंद राहिलं असतं तर राखून ठेवलेला सगळा माल मिळेल त्या भावानं बाजार समितीच्या सौद्यात घालावा लागला असता, आणि साक्षीला पुन्हा नोकरी शोधावी लागली असती. पुढच्या वर्षी धंदा राहिला असता असं मला वाटत नाही.

पुरावा म्हणून वेबसाइटला मूळ फोटो हवे होते, कॅमेऱ्यानं काढलेले, तारीख-वेळ आत नोंदलेली असते तसे. ब्राह्मीनं माझ्याकडे बघितलं. मी माझा फोन पुढं केला. त्यात काहीच नव्हतं. व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फोटोत ती आतली नोंद राहत नाही, हे मला त्या दिवशी समजलं. ब्राह्मी रागावली नाही. तिनं फक्त विचारलं, की अण्णा, एकही ठेवला नाही? मी मान हलवली. इतके फोटो काढले, त्यांतला एकही मला ठेवण्यासारखा वाटला नव्हता.

दोन दिवस मी तसाच बसून होतो. काडीची गोष्ट सांगावी की नको? चालली नाही तर? वेबसाइटवाले म्हणतील, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. तिसऱ्या दिवशी सकाळी मी सगळं एका कागदावर लिहिलं, बारा ताटांची बारा गोल चित्रं काढली, काडीच्या जागी ठिपका दिला आणि ब्राह्मी आंघोळीला गेलेली असताना कागद तिच्या लॅपटॉपवर ठेवून देवळात निघून गेलो.

परत आलो तर ती दारातच उभी होती. कागद तिच्या हातात होता. साक्षी फोनवर होती, तिला सगळं वाचून दाखवून झालं होतं.

"अण्णा," साक्षी म्हणाली, "म्या तुमाला काडीवरनं बोल्ले, आन तुमी गप ऐकून घेतलंसा?"

मी म्हणालो, तुझं बरोबरच होतं. त्यावर ती इतकी हसली, की शेडमधल्या बायका तिला काय झालं म्हणून विचारायला लागल्या, ते इकडे ऐकू आलं.

ब्राह्मीनं वेबसाइटला कळवलं, की पुरावा आहे, पण तो तोंडी द्यायचा आहे, समोरच्या विक्रेत्यालाही बोलवा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला व्हिडिओ कॉल ठरला. मला वाटलं होतं ब्राह्मी बोलेल. ती म्हणाली, तुम्हीच बोलायचं. मी अनेक कारणं सांगितली. माझा आवाज बसतो, मला वाक्यं सुचत नाहीत, वाचनालयाच्या वार्षिक सभेतही अहवाल नेहमी दुसराच कुणीतरी वाचायचा. ती सगळं ऐकून म्हणाली, "मी बोलले तर पाठ केल्यासारखं वाटेल. ताटं तुम्ही लावलीत."

साडेपाचला आम्ही टेबलाभोवती बसलो. प्रभावतीला वेगळीच चिंता. आम्ही जैन, आमच्याकडे सूर्य मावळायच्या आत जेवतात, आणि हे किती वेळ चालणार कुणास ठाऊक. तिनं भाकरी करून झाकून ठेवल्या होत्या. साक्षी कवठे महांकाळहून एसटीनं आली होती.

पडद्यावर वेबसाइटच्या, तक्रारी बघणाऱ्या अधिकारी बाई दिसल्या, मराठीच बोलत होत्या. शेजारच्या चौकोनात ऋषिराज. पस्तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, मागं गणपतीची तसबीर. त्यानं सुरुवातीलाच सगळ्यांना नमस्कार केला. त्याचं बोलणं इतकं सफाईदार होतं, की क्षणभर मलाच वाटलं, फोटो त्याचेच असतील. स्टुडिओ भाड्यानं घेतला होता म्हणाला. मूळ फाइल्स लॅपटॉप बिघडल्यामुळे गेल्या. साहजिक आहे, आमच्याही गेल्याच होत्या.

मग बाईंनी आमच्याकडे बघितलं. ब्राह्मीनं लॅपटॉप माझ्याकडे वळवला. पडद्यावर ती दोन माणसं माझ्याकडे बघत होती, आणि खाली छोट्या चौकोनात मी स्वतः. बाई म्हणाल्या, "आजोबा, आवाज येत नाहीये." आवाज नव्हताच तर येणार कुठून?

तेव्हा मी जे केलं ते धाडस म्हणून केलं नाही. मला फक्त ते चेहरे चुकवायचे होते. मी उठलो, खुर्ची भिंतीकडे फिरवली आणि लॅपटॉपकडे पाठ करून बसलो. समोर कॅलेंडर होतं. कॅलेंडरशी बोलणं जमण्यासारखं होतं.

मी कॅलेंडरला सांगितलं, की बाई, यांच्या पानावरच्या नऊ फोटोंपैकी कुठलाही काढा. मला पडदा दिसत नाही. तुम्ही फक्त प्रकार सांगा. त्या ताटात एक बेदाणा काडीसकट आहे, तो घड्याळाच्या कितव्या आकड्यावर आहे ते मी सांगतो.

बाई म्हणाल्या, गोल हिरवा.

"दोन," मी म्हणालो.

त्या फोटो मोठा करून बघत असाव्यात. मग म्हणाल्या, हो, आहे. बियांचा काळा? पाच. आहे. पिवळा? तीन. आहे. बाईंचा आवाज बदलत चालला होता, त्यांना आता गंमत वाटत होती. ऋषिराज मधेच म्हणाला, की मॅडम, काड्या काय, सगळ्यांच्याच मालात असतात, त्यात काय एवढं.

साक्षीला गप्प बसवेना. "आमच्या मालात नसत्यात," ती माझ्या पाठीमागून म्हणाली. "तुमच्यात असत्यात, हे बरं सांगितलंसा."

बाईंनी दोघांना थांबवलं आणि पुढचा प्रकार सांगितला, सोनेरी लांबट.

हे आठवं ताट. मी म्हणालो, आठ.

"नाही," बाई म्हणाल्या. "इथं काडी चारवर आहे."

ऋषिराज हसला, मोठ्यानं नाही, पण मला ऐकू आलं. मला वाटलं, झालं; मीच चुकलो; एवढ्या बारा ताटांत एक चुकीचं लावलं आणि त्यातच सगळं गेलं. आयुष्यभर मला ज्याची भीती वाटत आली, ते आज चारचौघांसमोर झालं. तोंडातून 'माफ करा' असं निघणारच होतं.

पण मला ते आठवं ताट दिसत होतं. भिंतीवर कॅलेंडर होतं आणि त्यावर मला ते ताट दिसत होतं. खाली, डाव्या हाताला, आठवर काडी. मी ती ठेवल्यावर चिमटा त्या बाजूनंच उचलला होता. मी चुकलो नव्हतो. मग काडी चारवर गेली कशी? आठ डावीकडे खाली. चार उजवीकडे खाली.

"बाई," मी म्हणालो, "त्या फोटोत बेदाण्यांच्या सावल्या कुठल्या बाजूला पडल्यात?"

डावीकडे, त्या म्हणाल्या.

"आणि बाकीच्या आठ फोटोंत?"

या वेळी त्यांना वेळ लागला. एकेक फोटो उघडत होत्या. उजवीकडे, त्या म्हणाल्या, सगळ्यांत उजवीकडे.

मी सांगितलं, की लिहिताना उजेड डाव्या बाजूनं यावा असं आम्हाला शाळेत शिकवलं होतं. मी आयुष्यभर तसंच बसत आलो. ताट लावतानाही खिडकी डाव्या हाताला ठेवतो. त्यामुळे माझ्या प्रत्येक फोटोत सावली उजवीकडे पडते. या एका फोटोत ती डावीकडे आहे, कारण त्यांनी फोटो आरशातल्यासारखा उलटा केलाय, ओळखू येऊ नये म्हणून. तुम्ही तो परत सुलटा करा. सावली उजवीकडे येईल आणि काडी आठवर जाईल.

माऊसची टकटक ऐकू आली. मग बाई अगदी हळू म्हणाल्या, "आठवर आहे."

मी तिथंच थांबायला हवं होतं, पण आता मला बोलण्याची चव लागली होती. मी म्हणालो, यांच्याकडे नऊच फोटो आहेत. दहावा, अकरावा आणि बारावा यांनी घेतला नाही. ते आमच्या पानावर बघा. काडी दहावर, अकरावर, बारावर सापडेल. आणि यांना विचारा, की स्टुडिओत कुणी ताटं लावली असतील तर त्यानं काडी अशी ओळीनं का फिरवली?

बाईंनी विचारलं. मला वाटलं होतं, तो चिडेल, आवाज चढवेल. तो म्हणाला, नेटवर्क जातंय, आणि त्याचा चौकोन बंद झाला.

खुर्ची परत फिरवायला मला जरा वेळ लागला. फिरवली तेव्हा बाई पडद्यावर एकट्याच होत्या आणि त्यांनी चष्मा काढला होता. त्यांनी विचारलं, की हे तुम्हाला सुचलं कसं? मी त्यांना वाचनालयातलं गुप्त पान सांगितलं. सदतिसावं, हा आकडाही सांगितला. निवृत्त झालोय, आता चालतंय. त्यांनी आणखी दोन प्रश्न विचारले, त्यांचीही उत्तरं मी दिली, त्यांच्याकडे बघून. प्रभावती नंतर सगळ्या गल्लीला सांगत होती, की आमच्या लग्नानंतर पहिल्या वर्षात हे माझ्याशी जेवढं बोलले नाहीत, तेवढं त्या बाईशी एका संध्याकाळी बोलले.

सूर्य केव्हाच मावळला होता. भाकरी तशाच झाकलेल्या राहिल्या. त्या दिवशी आम्ही तिघं उपाशी झोपलो. साक्षीच्या चुलत्याचं घर सांगलीतच होतं, तिथं तिला कोंबडीचा रस्सा मिळाला, आणि हे तिनं फोन करून मुद्दाम कळवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमचं पान उघडलं. ऋषिराजच्या पानावरून नऊही फोटो गेले, आणि पंधरा दिवसांनी पानही गेलं. इतरांच्या तक्रारी निघाल्या होत्या. त्यांत महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी जॅम करणारी एक बाई होती. तिनं कुठून तरी आमचा नंबर मिळवला आणि मला फोन करून विचारलं, की काका, जॅमच्या बाटलीत काडी कुठं ठेवायची? मी तिला अर्धा तास समजावलं. तिनं काय ठेवलं आणि कुठं, हे मी इथं लिहिणार नाही.

राखून ठेवलेला माल दिवाळीच्या चार दिवस आधी संपला. शेवटच्या तीन दिवसांत मीसुद्धा पाकिटांना पट्ट्या चिकटवत होतो. साक्षी आता नोकरीचं नाव काढत नाही. पुढच्या हंगामासाठी तिनं आणखी दोन बाया बोलावल्या आहेत.

दिवाळी झाल्यावर ब्राह्मीनं पानावर फोटोंखाली एक ओळ घालायची ठरवली: छायाचित्रे, अजितकुमार मगदूम. मी नको म्हणालो. लोक नाव वाचून फोटो बघतील, आणि बघण्यासारखं त्यात काही नाही. ती ऐकेना. मी प्रभावतीकडे बघितलं, तर ती म्हणाली, घालू दे की, लग्नपत्रिकेनंतर कुठं छापून आलंय तुमचं नाव?

तीन दिवस मी टाळलं. चौथ्या दिवशी ब्राह्मी बँकेत गेली होती. लॅपटॉप उघडा होता, ती ओळ टाइप केलेली होती, फक्त बटण दाबायचं राहिलं होतं. मी चष्मा पुसला, बाराही फोटो एकेक करून मोठे करून बघितले. सहाव्यातला उजेड थोडा जास्त आहे. बाकीचे चांगले आले होते.

मी बटण दाबलं.